प्रा. गंगाधर पानतावणे : एक न टाकलेले पाकीट

स्मरणिकेसाठी 'सरांवर काही लिहा' असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. प्रा. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय आणि पुढे मराठवाडा विद्यापीठाचा मराठी विभाग येथे ज्यांना त्यांनी प्रत्यक्ष शिकवले, त्यांचा अधिकार माझ्याहून मोठा आहे. तरीही मी त्यांना सर म्हणतो. कारण आपल्या शाळेत येण्याआधीच त्यांच्या हातून गेलेला छापील मजकूर आमच्या घरात येत होता.

आमचे घर पापडीत, दहा बाय बाराच्या खोलीत. वडील १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून निघाले ते वसईच्या मिठागरावर येऊन थांबले. चुलतभाऊ मिलिंदमध्ये शिकत होता. तो दिवाळीत आला की फराळाऐवजी पिशवीतून 'अस्मितादर्श'चा अंक काढी. आई चिडायची. वडील मात्र हात धुऊन, टॉवेलला पुसून अंक घेत. त्यांना जोडाक्षरे वाचायला वेळ लागे, म्हणून वाचन माझ्याकडे होते. दया पवार, वामन निंबाळकर, योगिराज वाघमारे ही नावे मी पाठ्यपुस्तकात नव्हे, कंदिलाच्या उजेडात वाचली. एखाद्या ओळीवर वडील म्हणत, "थांब. पुन्हा वाच." ते असे का म्हणत, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

हे नियतकालिक कसे जन्मले, हे आजच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद झाले, आणि मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतली पहिली शिकणारी पिढी तेथे जमली. तिच्याजवळ सांगण्यासारखे खूप होते आणि छापणारे कोणी नव्हते. डॉ. म. ना. वानखडे यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांच्या सोबतीने १९६७ मध्ये त्याच परिसरात 'अस्मिता' निघाले. त्याचेच पुढे 'अस्मितादर्श' झाले, आणि पानतावणे सरांनी ते अखेरपर्यंत, म्हणजे अर्धशतक, सांभाळले. त्रैमासिक अर्धशतक चालवणे म्हणजे काय, हे ज्याने एकदाही स्मरणिकेचा अंक काढला आहे त्याला वेगळे सांगायला नको!

सरांच्या गौरवपर लेखांत २००९ सालच्या सॅन होजेच्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि २०१८ ची पद्मश्री हटकून येते. यावे. पण मला त्यांची ओळख पटते ती 'पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या ग्रंथात. १९२० चे 'मूकनायक', १९२७ चे 'बहिष्कृत भारत', १९३० चे 'जनता', १९५६ चे 'प्रबुद्ध भारत' अशी ती वाट त्यांनी शोधक बुद्धीने तपासली. 'बहिष्कृत भारता'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना स्वतः लिहून काढावे लागत. लिहू शकणारे हात समाजात अजून तयार व्हायचे होते. एका संपादकाने दुसऱ्या संपादकाचा अभ्यास केला आणि नेमकी हीच उणीव ओळखली, असे मला वाटते. सरांनी स्वतः लिहिलेच. 'मूल्यवेध', 'वादळाचे वंशज' ही पुस्तके त्याची साक्ष आहेत. परंतु त्यांनी अधिक काळ दिला तो इतरांना लिहिते करण्यास. लेखक आणि वाचक यांचे मेळावे भरवणारा समीक्षक मराठीत विरळाच.

आता माझी गोष्ट. आठवीत असताना 'माझे वडील' या निबंधात मी वडिलांना कारकून केले. टेबल, फाईल, पांढरा सदरा, सगळे दिले. गुण चांगले मिळाले आणि निबंध वर्गात वाचला गेला. त्या संध्याकाळी वडील मिठागरावरून आले, तेव्हा त्यांच्या फाटलेल्या टाचांना आई खोबरेल लावत होती. मी वही दप्तरात खोल दडवली.

पुढे मी मराठीचा शिक्षक झालो आणि १९९४ मध्ये, विद्यापीठाच्या नामविस्ताराच्या वर्षी, तोच निबंध खरा करून लिहिला. सात पाने. टाचा, मीठ, खोबरेल, आणि तो कारकूनही. पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहिले : प्रा. गंगाधर पानतावणे, संपादक, 'अस्मितादर्श', औरंगाबाद. तिकिटे लावली. पापडीच्या टपालपेटीपर्यंत दोनदा गेलो. दोन्ही वेळा वाटले, हा अंक घरी येईल, मलाच तो वडिलांना वाचून दाखवावा लागेल, आणि ते म्हणतील, "थांब. पुन्हा वाच." पाकीट ट्रंकेत गेले. वडील २००६ मध्ये कालकथित झाले. त्यांना मी कधीच विचारले नाही.

२७ मार्च २०१८ रोजी औरंगाबादेत सरांचे निधन झाले. पद्मश्री जाहीर होऊन अवघे दोन महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी वसई रोड स्थानकावर उभ्याने बातमी वाचली. एवढी वर्षे मनात एक समजूत होती की केव्हाही पाठवता येईल, पत्ता तर लिहिलेलाच आहे.

त्या वर्षी बुद्ध पौर्णिमेला आपल्या वसतिगृहातील मुलांना घेऊन नालासोपाऱ्याच्या स्तूपावर गेलो होतो. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथे उत्खनन केले, धातुकरंडक मिळाला, सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावात सापडला तो १९५६ मध्ये, धम्मदीक्षेच्याच वर्षी. मुलांना हे सांगताना मी थबकलो. अशोकाने तो मजकूर लोकांच्या बोलीत, प्राकृतात कोरवला होता. आणि माझ्यासमोर बसलेली मुले, कोणी वारली बोलणारे, कोणी कातकरी, वर्गात आपली बोली गिळून टाकत होती.

वंदना झाल्यावर मी पिशवीतून पाकीट काढले, फोडले आणि सातही पाने मुलांना वाचून दाखवली. कारकुनापाशी आवाज अडखळला. मुले हसली नाहीत. परतताना बसमध्ये सातवीतल्या एकाने विचारले, "गुरुजी, आमचे वीटभट्टीवर जातात. तसं लिहिलं तर चालंल का?" मी म्हणालो, चालेल, भट्टीवर जे शब्द वापरतात तेच वापर. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आधी बापाला इचारतो."

हे मला चोवीस वर्षांत सुचले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत तो पाड्यावर गेला. दिवाळी सरली की त्याचे आईवडील भट्टीवर निघतात, ते पावसाच्या तोंडाशी परततात. त्याआधी त्यांना गाठणे भाग होते. सुट्टी संपल्यावर त्याने वही माझ्यासमोर ठेवली. दोन पाने लिहिली होती, आणि एका ठिकाणी खाडाखोड होती. 'माझा बाप दिवसाला हजार विटा पाडतो' या वाक्यातला 'माझा बाप' खोडून वर लिहिले होते, 'माझा बाप आणि माझी आय'.

"हे कोणी बदललं?" मी विचारले.

"बापानं. तो म्हनला, खोटं नको लिवू."