गिरणीतलं खातं

तळेगाव दाभाडे

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचून संपवलं आणि बराच वेळ तो मुलगाच डोळ्यांपुढे राहिला. ब्रॅम्प्टनला तुमच्या बेसमेंटमध्ये राहणारा, शिकायला आलेला नाशिकचा पोरगा. फूड बँकेच्या रांगेत उभा राहतो आणि फोनवर आईला सांगतो, "अगं, मस्त चाललंय." कॅनडात मार्च २०२४ या एकाच महिन्यात लोक २० लाखांहून जास्त वेळा फूड बँकांच्या दारात गेले, हे मी वाचलं होतं. पण आकडा वाचणं वेगळं आणि त्या आकड्यातला एक जण आपल्या ओळखीचा निघणं वेगळं.

वर तुझा प्रश्न : "तुमच्या तळेगावात कुणावर अशी वेळ आली तर जायचं कुठे गं? आणि मला इथून काही करता येईल का?"

दुसऱ्या प्रश्नाबद्दल आधी तुझे आभार मानते, म्हणजे तुला आता माघार घेता यायची नाही.

फूड बँक अशी पाटी तुला स्टेशनपासून डोळसनाथाच्या देवळापर्यंत कुठे दिसणार नाही. दारं मात्र आहेत. कुठलं दार कुणासाठी आहे, हे गरजवंताला सांगणारं माणूस तेवढं बहुतेक वेळा भेटत नाही. तू पाहिलेलं हवापालटाचं तळेगाव आता आठवणीतच ठेव. आंबी, नवलाख उंबरे, पलीकडे चाकण, सगळीकडे एमआयडीसी. दहा बाय दहाच्या खोल्यांच्या चाळी, एकेका खोलीत चार-पाच पोरं, कुणी बीड-परभणीकडची, कुणी बिहार-ओडिशाची. सगळ्यांचं पोट हातावर. जनरल मोटर्सचा इथला कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घ्यायचा करार केला. मधल्या काळात कायम कामगारांच्या बातम्या तरी छापून आल्या. पण असा कारखाना थांबला की सुटे भाग करणारी छोटी वर्कशॉपं, टेम्पोवाले, डबे देणाऱ्या बायका यांचीही चूल थंडावते, आणि त्याची बातमी होत नाही.

तर पहिलं दार रेशन दुकानाचं. नाक मुरडू नकोस. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कार्डावर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य आणि प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. आणि कार्ड गावाकडचं असलं तरी धान्य इथे घेता येतं, हे किती जणांना माहीत नसतं म्हणून सांगू!

आमच्या शेजारी इमारतीचं काम चाललंय, तिथे परभणीकडची एक बाई विटा वाहते. नवऱ्याचा पाय दुखावलेला, मुकादमाने हजेरी तोडलेली. कार्ड गावी सासूजवळ. "इथं कोण देणार वो ताई?" म्हणाली. मी म्हटलं, चल. दुकानदाराने कार्डाच्या फोटोकडे पाहिलं आणि ऐकवलं, "हे इकडचं नाही." मी म्हटलं, "नंबर तर टाकून बघा." त्याने बारा अंकी नंबर टाकला आणि मशीनवर तिच्या घरातल्या सगळ्यांची नावं आली. मग अंगठा उठेना. विटा-सिमेंटने बोटांच्या रेषाच झिजलेल्या. तिने हात पदराला पुसला, बोटावर फुंकर मारली, दुसरं बोट टेकवलं, तिसरं टेकवलं. तेव्हा कुठे पावती बाहेर आली. सगळं धान्य एकदम उचलावं लागत नाही, त्यामुळे तिने इथे निम्मं घेतलं आणि निम्मं सासूसाठी गावच्या दुकानात ठेवलं.

दुकानदार ऐकतच नसेल तर १९६७ हा मदत क्रमांक आहे. गंमत बघ, जगातली पहिली फूड बँक जॉन व्हॅन हेंगेल यांनी अमेरिकेत फिनिक्सला काढली, तीही १९६७ मध्येच! कार्डावर नाव चढवणं, कमी करणं, विभक्त कार्ड काढणं यासाठी वडगाव मावळच्या तहसील कचेरीत पुरवठा शाखा आहे. ज्याची रोजची हजेरी बुडते तो तिथे दोनदा जाईल, तिसऱ्यांदा नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगत असते, पिशवीभर तांदूळ देण्यापेक्षा एखाद्याचं कार्ड सुरू करून द्या. तांदूळ आठ दिवसांत संपतात.

अर्थात कार्डाने सगळं भागत नाही. प्राधान्य यादीसाठी शहरी भागात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार. महिना १५ हजार मिळवणाऱ्या कंत्राटी कामगाराचे वर्षाचे होतात १ लाख ८० हजार. म्हणजे कागदावर तो खाऊन-पिऊन सुखी! आणि काम सुटलं की दुसऱ्याच महिन्यात खोलीभाडं, किराणावाल्याची उधारी आणि गावाकडचा हप्ता मिळून त्याच्या नाकी नऊ येतात. मदतीची खरी गरज या मधल्या माणसाला, आणि हात पसरायला सगळ्यात जास्त कानकोंडा होतो तोही हाच.

शिजवलेल्या अन्नाची दारं निराळी. २६ जानेवारी २०२० ला सरकारने शिवभोजन थाळी सुरू केली : दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. केंद्रचालकांची बिलं थकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, तेव्हा जवळचं केंद्र चालू आहे ना, हे विचारूनच माणसाला पाठवावं. गरोदर बाई किंवा सहा वर्षांखालचं मूल असेल तर अंगणवाडी आहे. पहिली ते आठवीचं पोर असेल तर सरकारी शाळेत दुपारचं जेवण आहे, आणि वर्षाच्या मध्यावरही शाळा त्याला प्रवेश नाकारू शकत नाही, गावचा दाखला नसला तरीसुद्धा. गुरुद्वाऱ्यातल्या लंगरात तर कुणी नाव-गाव विचारत नाही.

आता उरलेल्या अन्नाचं बोलू. लग्नसराईत आपल्याकडच्या मंगल कार्यालयांत तीन वाजता काय चित्र असतं ते तुला ठाऊक आहे. अर्धं पातेलं मसालेभात, परातभर जिलेबी आणि यजमान पाकिटांच्या हिशोबात. असं अन्न पोचवणारी रॉबिन हूड आर्मी २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झाली. पैसे अजिबात घेत नाहीत, फक्त अन्न आणि वेळ मागतात. पुण्यातही त्यांचे स्वयंसेवक आहेत. संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, युसूफ मुकाती यांनी २०१५ मध्ये रोटी बँक काढली. सभासदाने घरच्या ताज्या दोन पोळ्या आणि भाजी आणून द्यायची, ज्याला हवं त्याने न्यायची.

उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. पण आमच्या ओळखीच्या आचाऱ्याचे नियम मला जास्त पटतात. वाढपातलं वेगळं, पातेल्यातलं वेगळं. पाहुण्यांपुढे फिरलेलं काही द्यायचं नाही. मठ्ठा, कोशिंबीर, रबडी यांना हात लावायचा नाही. भात झाकून गरम असतानाच हलवायचा, आणि न्यायला गाडी आली नसेल तर तो "संध्याकाळी बघू" म्हणून ठेवायचा नाही. आंबलेलं अन्न गरिबाच्या पोटालाही बाधतंच.

मदत करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. वाढदिवस आला की किट, पुण्यतिथी आली की किट. किटपेक्षा मोठा फ्लेक्स आणि घेणाऱ्याचा फोटो! अगं, फोटो काढणार हे कळल्यावर रांगेतून निघून जाणारी माणसं असतात. दिवाळीत एकाच वस्तीत तीन-तीन ठिकाणचा फराळ पोचतो, आणि ज्येष्ठ-आषाढात, जेव्हा शाळेची खरेदी आणि पावसाने बंद पडलेलं बांधकाम एकदम अंगावर येतं, तेव्हा कुणी फिरकत नाही. द्यायचंही काय? रेशनवर गहू-तांदूळ मिळतात. खर्च असतो तेल, तूरडाळ, तिखट-मीठ, चहा-साखर आणि साबणाचा. बायकांना पॅड लागतात, पण मागायला जीभ उचलत नाही. ज्याच्याकडे गॅस नाही त्याला डाळीची पिशवी देऊन काय उपयोग, त्याला शिजलेलंच द्यायला हवं. तेव्हा आधी विचारावं, मग द्यावं.

त्या परभणीच्या बाईने पिशवी डोक्यावर घेताना मला काय विचारलं माहितीय? "दळायला किती घेत्यात इथं?" गहू फुकट, पण दळणाला रोख पैसे! त्यावरून आम्ही चौघीजणींनी कोपऱ्यावरच्या गिरणीत खातं उघडलं. वस्तीतली कुणीही रेशनचे गहू घेऊन आली की गिरणीवाले दळून देतात, वहीत फक्त किलो लिहितात, नाव नाही. महिनाअखेरीला आम्ही हिशोब चुकता करतो. ना फ्लेक्स, ना फोटो, आणि रांगेत ती बाकीच्या गिऱ्हाइकांसारखीच एक गिऱ्हाईक.

आणि हे तळेगावच्या रक्तातलंच आहे. १९०८ मध्ये इथला काच कारखाना उभा राहिला तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक-एक पैसा मागून जमवलेला निधी, पाठीशी टिळक. देणगीदार कुणी एक धनाढ्य नव्हता, म्हणून तो सगळ्यांचा होता.

तर आता तुझ्याबद्दल. दिवाळीला एकरकमी डॉलर पाठवून मोकळी होऊ नकोस. एखाद्या संस्थेला द्यायचे असतील तर नोंदणी बघ, पावती माग, आणि पैसे दिवाळीऐवजी ज्येष्ठात पाठव. आमच्या वहीत यायचं असेल तर महिन्याला पाचशे रुपये पुरेत, पण ते दर महिन्याला यायला हवेत. तुझी बहीण चिंचवडलाच आहे ना? तिच्याकरवी दिलेस तरी चालतील. आणि त्या पोराला माझा एक निरोप दे : रांगेत उभं राहण्यात लाजण्यासारखं काही नाही, पण आईला खरं सांग. तिला आज ना उद्या कळणारच आहे.

वर्गणीचं काय ते लवकर कळव. दोन तारखेला गिरणीवाल्याचा हिशोब आहे.

तुझीच,
तळेगावकरीण