वाकळ उपाशी शिवू नये

वाचकहो, आपल्या घरी एखादी जुनी वाकळ असेल, तर ती सध्या कोठे ठेवली आहे हे पुढे वाचण्यापूर्वी एकदा आठवून पाहा. २०१८ साली मला कोणी हा प्रश्न विचारला असता, तर खरे उत्तर देताना माझी मान खाली गेली असती. आमच्या घरातील वाकळ मी माळ्यावर टाकली होती. आणि ज्या आईने ती शिवली होती, ती खालच्या खोलीत रात्र रात्र जागी असे.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात, डोंगराच्या एका सोंडेवर आहे. चार घरांची वस्ती, उतारावर भाताची खाचरे, त्याच्या वर नाचणीचे रान. खोऱ्याच्या वरच्या अंगाला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात अंथरूण कोरडे राखणे हेच तेथील बाईचे मोठे काम. चुलीच्या वर वलणी बांधलेली असे आणि दमट झालेल्या वाकळा तिच्यावर सुकत. त्यामुळे आमच्या वाकळांना बारा महिने धुराचा वास येई. त्याच धुराने आजीचा खोकला अखेरपर्यंत सुटला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. जुने ते सगळे आरोग्याचे होते, असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही.

वाकळ शिवण्याचे दिवस सुगी उरकल्यानंतरचे. विरलेली लुगडी, धोतरे, परकर वर्षभर गाठोड्यात साठत. ती धुऊन, उन्हात वाळवून, सारवलेल्या अंगणात थर लावले जात. खाली एक अखंड लुगडे, वर एक अखंड लुगडे, आणि मध्ये सर्व फाटके-तुटके. चारही कोपऱ्यांवर दगड ठेवून कापड ताणायचे, कडा आत दुमडायच्या आणि काठापासून धावदोरा घालीत चौकोनामागून चौकोन करीत मधोमध यायचे. हे काम एकटीचे नाही. चार कोपऱ्यांना चारजणी बसत. कोणाची लेक नांदत नाही, कोणाचे दूध आटले आहे, कोणाला रात्री धाप लागते, हे सारे त्या चौकोनाभोवती बोलले जाई. डोंगरावर दवाखाना नव्हता. पण कोणाला तो लागणार आहे, हे वस्तीला वाकळेवरच कळत असे.

वाकळेच्या उबेत गूढ असे काही नाही. सुती कापडाच्या थरांमध्ये हवा अडकून राहते आणि ती स्थिर हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. टाके त्या थरांना एकमेकांवरून सरकू देत नाहीत. शिवाय सुती कापड घाम टिपून घेते.

आईची सर्वांत जुनी वाकळ भूकंपातली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला, तेव्हा आई वीस वर्षांची होती आणि माझा थोरला भाऊ तान्हा होता. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोघांना त्या वाकळेसकट उचलून अंगणात आणले. मागची भिंत कोसळली होती. नंतरच्या कित्येक रात्री सर्व वस्ती उघड्यावर, डिसेंबरच्या थंडीत, वाकळा पांघरून निजली. पुढे ती वाकळ विरली की तिच्यावर नवे लुगडे चढे. आतले थर मात्र तेच राहिले.

२०१८ च्या उन्हाळ्यात आप्पा गेले. तेराव्यानंतर मी आईला सांगलीला माझ्या घरी आणले. तिने एक पत्र्याची ट्रंक आणि ती वाकळ बरोबर घेतली. मी नवा पलंग घेतला होता, जाड गादी घेतली होती, मऊ ब्लँकेट आणले होते. वाकळेला धुराचा वास येत होता आणि माझ्या मुलीला अधूनमधून दम्याचा त्रास होई. म्हणून “आता तुला याची गरज नाही” असे म्हणून मी ती माळ्यावर टाकली. आईने मला अडवले नाही. पुढेही तिने ती कधी मागितली नाही.

त्यानंतर तिची झोप गेली. जेवण घासभरावर आले. वर्षभरात तिचे वजन नऊ किलोंनी उतरले. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, थायरॉइड आणि बी-१२ पाहिले आणि मग मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. औषधे सुरू झाली, थोडा गुणही आला. त्या तज्ज्ञांनी मला विचारले, “या दिवसभर काय करतात?” मी अभिमानाने म्हणाले, “काहीच करू देत नाही.” ते काही बोलले नाहीत, फक्त वहीत लिहीत राहिले. त्या शांततेचा अर्थ मला फार उशिरा कळला.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. कोयना कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीला येते. म्हणजे आईच्या डोंगरावरचाच पाऊस आमच्या दारात आला होता. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. आमचे घर तळमजल्यावर. आम्ही नातेवाइकांकडे गेलो आणि पाणी ओसरल्यावर परतलो, तेव्हा पलंगावरची गादी चिखल पिऊन इतकी जड झाली होती की ती तिघांनी ओढून रस्त्यावर टाकावी लागली. गल्लीत सगळीकडे तशाच गाद्यांचे ढीग होते. आईची ट्रंकही बुडाली होती. तिच्यात आप्पांची पाच धोतरे होती, हे मला तेव्हाच समजले.

त्या घरात एकच अंथरूण कोरडे होते. ते माळ्यावर होते.

घासून पुसून घेतलेल्या फरशीवर पहिल्या रात्री आम्ही सगळे त्या वाकळेवर आडवे निजलो. मधल्या रात्री मला जाग आली. आई झोपली होती. तिचा हात वाकळेच्या काठावर होता. मी पहाटेपर्यंत तशीच बसून राहिले. मला बरे वाटत होते की लाज वाटत होती, हे आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून घराची सूत्रे आईने हाती घेतली. पाऊस आणि चिखल यांच्याशी तिची ओळख माझ्याहून जुनी. गाद्या-उश्या ठेवायच्या नाहीत, हे तिनेच ठरवले. कपडे आधी स्वच्छ पाण्यात खळबळून, मग गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात दोन-दोन दिवस वाळवले. धोतरांचे पिवळे डाग मात्र गेले नाहीत. “आता ही कुणाला द्यायच्या लायकीची न्हाईत,” ती म्हणाली, “वाकळंलाच घाला.”

दिवाळीनंतर आम्ही बैठकीच्या खोलीत वाकळ अंथरली. तिसऱ्या कोपऱ्याला माझी मुलगी बसली आणि चौथ्याला शेजारच्या वहिनी. त्यांचेही घर बुडाले होते. पुराच्या रात्रींविषयी त्या तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. आप्पांची धोतरे वरच्या थराला लावू या, म्हणजे दिसतील, असे मी सुचवले. आई म्हणाली, “आतच असू देत. ऊब आतल्यानं येती.”

वाकळेने आईला बरे केले, असे मी म्हणणार नाही. तिची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढेही चालू राहिली. घरातील वृद्ध व्यक्तीची झोप, भूक किंवा बोलणे दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवले असेल, तर ते वयाचे म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. पण त्याबरोबरच तिच्या हातून आपण कोणते काम काढून घेतले, हेही स्वतःला विचारावे.

आपणही घरी वाकळ शिवायला बसणार असाल, तर थोड्या गोष्टी सांभाळा. उजेड बाजूने येऊ द्या आणि वडीलधाऱ्यांच्या चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या. गुडघे दुखत असतील, तर कापड पलंगावर किंवा टेबलावर पसरून शिवा. अर्ध्या तासाने उठा, दूर पाहा, बोटे मोकळी करा. दमा असलेल्या घरात अंथरूण-पांघरूण साठ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात नियमित धुवा, म्हणजे धुळीतील सूक्ष्म किडे मरतात. आणि उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. वर्षाच्या आतील बाळावर जड वाकळ घालू नका. ती तोंडावर आली तर त्याला दूर सारता येत नाही.

वाकळ पुरी व्हायला महिना लागला. शेवटचा, मधला चौकोन शिवायचा राहिला, तेव्हा आईने सुई थांबवली आणि भाकरी मागितली. आमच्या घरची ती जुनी रीत. शेवटचे टाके घालण्यापूर्वी आत भाकरीचा सुका तुकडा ठेवायचा. वाकळ उपाशी शिवायची नाही. माझ्या मुलीने विचारले, “आज्जी, वाकळेला कशी भूक लागेल?”

“आगं, जी उपाशी आसंल, ती दुसऱ्याला काय ऊब देनार?” आई म्हणाली.

तिने नखाएवढा तुकडा मोडून आत सारला आणि टाके घातले. उरलेली भाकरी ताटलीत तशीच होती. आईने ती मांडीवर घेतली, चटणी मागितली आणि सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.