उड्डाणापूर्वींची सही

मुलानें पुढें काय व्हावें या विषयावर आपल्या मध्यमवर्गीय घरांतून जितकी चर्चा होते, तितकी विधिमंडळांत एकाद्या विधेयकावरहि होत नसेल. चर्चेला बसणारे सभासद ठरलेले असतात, त्यांचीं मतें ठरलेलीं असतात, आणि मापें तर कित्येक पिढ्यांचीं ठरलेलीं असतात : पगार किती, नोकरी टिकाऊ कितपत, आणि लग्नाच्या बाजारांत तिचें वजन काय ? या तीन मापांनीं आपण कारकून मोजले, डॉक्टर मोजले, आणि गेल्या तीसचाळीस वर्षांत संगणकापुढें बसणारे तरुणहि मोजले. परंतु कांहीं धंदे असे असतात कीं त्यांतील मुख्य गोष्ट या तीनहि मापांतून निसटून जाते. अशा एका धंद्याचा विचार करण्याचा प्रसंग गेल्या उन्हाळ्यांत माझ्यावर आला.

माझी धाकटी बहीण नाशिकला असते. तिच्या मुलानें बारावीची परीक्षा दिली आणि निकालाची वाट न पाहतां घरांत जाहीर केलें कीं, आपल्याला एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनिअर व्हावयाचें आहे. नाशिकजवळ ओझरला १९६४ सालीं स्थापन झालेला लढाऊ विमानांचा कारखाना आहे. तेव्हां त्या बाजूच्या मुलांना विमानांची अपूर्वाई नाहीं. अपूर्वाई होती ती या निवडीची. बहिणीचा मला फोन आला. “दादा, तूंच त्याला समजाव. वैमानिक होतों म्हणाला असता, तर मीं पाटल्या मोडल्या असत्या. पण हा विमानाचा मेकॅनिक होतों म्हणतो !”

‘मेकॅनिक’ हा शब्द तिनें ज्या सुरांत उच्चारला, त्यांत आपल्या समाजाचा एक जुना स्वभाव सांठलेला आहे. हाताला तेल लागलें कीं विद्या उणी झाली, असें आपण मनांतून समजतों. जो वर उडतो त्याच्या गळ्यांत हार. जो खालीं वाकून नट आवळतो तो नुसता कामगार! राइट बंधूंचीं नांवें शाळकरी पोराला पाठ असतात. परंतु १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें विमान ज्या इंजिनाच्या जोरावर जमिनीवरून उचललें गेलें, तें सुमारें १२ अश्वशक्तीचें इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानांत काम करणाऱ्या चार्ल्स टेलर नांवाच्या यंत्रकारानें सुमारें सहा आठवड्यांत घडविलें होतें, हें किती जणांना ठाऊक असतें ? टेलर १९५६ सालीं वारला. त्याच्या जन्मदिवशीं, २४ मे रोजीं, अमेरिकेंत आतां विमान-तंत्रज्ञांचा दिवस पाळतात. पण एवढी आठवण व्हावयाला जगाला जवळजवळ एक शतक लागलें.

भाच्याला उपदेश करण्याआधीं मीं स्वतः थोडें वाचून घेतलें. पहिली गोष्ट कळली ती अशी कीं, हा अभ्यास म्हणजे विमानविद्येची पदवी नव्हे. पदवीधर इंजिनिअर विमानाचा आराखडा काढील, त्याचें गणित मांडील. पण दुरुस्त झालेलें विमान उडण्यास योग्य आहे असें लिहून देण्याचा अधिकार पदवीनें मिळत नाहीं. तो परवान्यानें मिळतो, आणि परवाना देणारें खातें म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात. बारावीला पदार्थविज्ञान, रसायन व गणित हे विषय हवेत; मग मान्यताप्राप्त संस्थेंत शिक्षण, खात्याच्या एकामागून एक परीक्षा, आणि प्रत्यक्ष विमानांवर उमेदवारी. मुख्य वाटा दोन : एक विमानाचें अंग व इंजिन पाहणाऱ्याची, दुसरी त्यांतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिक उपकरणें पाहणाऱ्याची. परवाना हातीं आला तरी ज्या जातीचें मोठें विमान, त्या जातीचें निराळें शिक्षण घ्यावें लागतें. आणि शेवटीं कंपनीनें अधिकारपत्र दिल्यावरच सही करतां येते. वर्गांत पाऊल टाकल्यापासून पहिल्या सहीपर्यंत कित्येक वर्षें जातात, आणि तीं वर्षें आईबापांनीं आधींच हिशेबांत धरलेलीं बरीं.

वाचून जें कळलें नाहीं तें एका स्नेह्यांनीं सांगितलें. हे गृहस्थ मुंबईस विमानांच्या देखभालींत पस्तीस वर्षें काढून निवृत्त झालेले. मी भाच्याला त्यांच्याकडे घेऊन गेलों. पोराला वाटलें होतें, काका प्रचंड इंजिनांच्या गोष्टी सांगतील. त्यांनीं प्रथम सांगितली ती हत्यारें टांगण्याच्या फळीची गोष्ट ! हँगरमधील या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृति रंगविलेली असते. काम संपल्यावर एकादी आकृति रिकामी दिसली, तर विमान जागचें हलत नाहीं; तें हत्यार सांपडेपर्यंत शोध चालतो. आपल्या स्वयंपाकघरांत चमचा हरवला तर आपण दुसरा घेतों. तेथें हरवलेला पेचकस इंजिनांत किंवा विमानाचें सुकाण फिरविणाऱ्या तारांपाशीं पडलेला असूं शकतो. “बहुतेक काम असेंच,” ते म्हणाले. “मोजणें, पुसणें, बॅटरीच्या उजेडांत पाहणें, पुस्तकाशीं ताडणें, लिहिणें. विमान उडतें तेव्हां आपण बहुधा घरीं झोंपलेले असतों.”

मग त्यांनीं सहीविषयीं सांगितलें. केलेल्या कामाच्या नोंदीखालीं परवानाधारकाची सही पडल्यावांचून तें विमान प्रवासी घेऊन जाऊं शकत नाहीं. सह्या आपणहि पुष्कळ करतों. बँकेंत करतों, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर करतों, आणि न वाचलेल्या कागदांवर तर सर्वांत अधिक करतों. परंतु जिच्यावर दोनशें अनोळखी माणसांचा जीव टेकलेला आहे, अशी सही आपल्यापैकीं किती जणांनीं केली असेल ? वैमानिक निदान त्या माणसांबरोबर वर जातो. सही करणारा खालींच राहतो. त्याचा शब्द तेवढा वर जातो.

हा शब्द किती जड असतो याचें एक उदाहरण या व्यवसायांत प्रसिद्ध आहे. १० जून १९९० रोजीं ब्रिटिश एअरवेजचें एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघालें. सुमारें १७,३०० फुटांवर वैमानिकापुढची कांच एकाएकीं उडून गेली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर खेंचला गेला. सहकाऱ्यांनीं त्याचे पाय धरून ठेवले, उपवैमानिकानें विमान साउदॅम्प्टनला उतरविलें, आणि आश्चर्य असें कीं कप्तानासुद्धां सर्व माणसें वांचलीं. चौकशींत निघालें कीं, ती कांच उड्डाणाच्या सुमारें २७ तास आधीं बसविलेली होती. तिच्या ९० बोल्टांपैकीं ८४ बोल्ट जाडीला ०.६६ मिलिमीटरनें कमी होते आणि उरलेले ६ लांबीला कमी होते. बसविणारा माणूस आळशी नव्हता कीं अडाणी नव्हता. तो त्या पाळीचा प्रमुख होता. रात्रीं माणसें कमी, म्हणून त्यानें काम स्वतःच्या अंगावर घेतलें. आणि सुट्या भागांच्या सूचींतला क्रमांक न पाहतां, जुना बोल्ट नव्याशेजारीं धरून नजरेनेंच जाडी जुळविली. मला या हकीकतींत सर्वांत अधिक भय वाटतें तें त्या माणसाच्या चांगुलपणाचें. वाईट माणसापासून सावध राहतां येतें. सरावलेल्या चांगल्या माणसानें स्वतःपासून सावध कसें राहावें?

१९९३ सालीं कॅनडाच्या वाहतूक खात्यांतील गॉर्डन ड्युपाँट यांनीं देखभालींत होणाऱ्या चुकांचीं बारा कारणें एकत्र मांडलीं. ज्ञानाचा अभाव हें त्यांपैकीं अवघें एक. बाकीच्यांत थकवा आहे, दडपण आहे, लक्ष दुसरीकडे जाणें आहे, ‘मला सर्व येतें’ ही बेफिकिरी आहे, ‘येथें असेंच चालतें’ ही रूढि आहे, आणि ठामपणें बोलण्याचें धैर्य नसणें हेंहि आहे. ही यादी वाचतांना मला वाटलें कीं ती हँगरची नसून आपल्या सबंध सार्वजनिक जीवनाची आहे ! या परवान्याच्या अभ्यासक्रमांत इंजिन व विद्युत् यांच्या पंक्तीला माणसाच्या मर्यादा हा एक स्वतंत्र विषय बसविलेला आहे, तो याचसाठीं.

बहिणीच्या शंका मात्र खोट्या नव्हत्या. शिक्षणाला कित्येक लाख रुपये लागतात, आणि यजमानांच्या पश्चात् तिच्याजवळ आहे ती बँकेंतली एक ठेव. उमेदवारीची जागा मिळेलच अशी हमी कोणी देत नाहीं. विमान-कंपन्यांचें आयुष्य तर अळवावरचें पाणी : किंगफिशरचीं उड्डाणें २०१२ सालीं थांबलीं, जेट एअरवेजचीं एप्रिल २०१९ मध्यें, गो फर्स्टचीं मे २०२३ मध्यें. कंपनी बुडते तेव्हां वर्तमानपत्रांत मालकाचें छायाचित्र येतें. सही करणाऱ्याच्या घराचा थकलेला हप्ता कोणाला दिसत नाहीं. दुसऱ्या बाजूस, देशांत विमानें वाढत आहेत, आणि नागपूरला मिहानमध्यें बोइंगनें बांधलेलें दुरुस्तीचें मोठें केंद्र उभें आहे. पण बाजाराचें भाकित करणें हें ज्योतिष्याचें काम. तें मीं त्याच्यावर सोडलें. रात्रपाळीचें मात्र भाकित करावें लागत नाहीं. विमानें दिवसा उडतात, म्हणून देखभाल बरीचशी रात्रींच होणार. दिवाळींत गर्दी अधिक, म्हणून अभ्यंगस्नानाच्या पहाटे हा माणूस बहुधा घरीं नसणार.

निघतांना स्नेह्यांनीं भाच्याला एकच प्रश्न विचारला. “समज, पहाटेचे तीन वाजले आहेत. सहाला विमान सुटायचें आहे. एका जोडापाशीं तुला तेलाचा ओलावा दिसतो. तो नियमांत बसतो कीं नाहीं याची तुला खात्री नाहीं. साहेब म्हणतो, ‘अरे, इतकें चालतें, कर सही.’ तूं काय करशील ?”

“नाहीं करणार, काका,” भाचा ताडकन् म्हणाला.

ते हंसले. “खुर्चींत बसून सगळेच असें म्हणतात, बाळ. मीं पहिल्यांदा नाहीं म्हटलें तेव्हां माझे पाय कांपत होते. आणि उघडून पाहिल्यावर कांहींच निघालें नाहीं ! विमान चार तास उशिरां गेलें, प्रवाशांनीं शिव्या दिल्या, साहेब महिनाभर बोलला नाहीं. नकार खरा ठरला तर शाबासकी मिळते. फुकट गेलेला नकार सोसून पुढच्या रात्रीं पुन्हां नाहीं म्हणतां येईल काय, तेवढें ठरव.”

कसाऱ्याचा घाट संपेपर्यंत पोर गाडींत एक शब्द बोललें नाहीं.

पुढच्याच आठवड्यांत मी बहिणीकडे असतांना तिचा मिक्सर बंद पडला. भाच्यानें तो उघडला, कार्बन बदलला, पुन्हां जोडला. चटणी वाटून झाली, जेवणें झालीं. रात्रीं अकराच्या सुमारास त्याला ओट्यावर एक लहानसा वॉशर सांपडला. बहीण म्हणाली, “चालतोय ना मिक्सर ? मग राहूं दे कीं !” त्यानें उत्तर दिलें नाहीं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यानें तो मिक्सर पुन्हां सबंध सोडविला. तासाभरानें उमगलें कीं वॉशर त्या मिक्सरचा नव्हताच. स्वयंपाकघरांतल्या जुन्या नळाचा होता. त्यानें सर्व पुन्हां जोडलें, हात धुतले आणि तो निजावयास गेला. एक तास फुकट गेल्याची चरफड त्याच्या चेहऱ्यावर मला दिसली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं बहिणीला माझें मत सांगितलें. विमानें आवडतात म्हणून त्याला पाठवूं नकोस. विमानें सगळ्याच मुलांना आवडतात, आणि तें प्रेम तिसऱ्या रात्रपाळीपर्यंत टिकत नाहीं. खात्री करून घेण्यांत त्याला समाधान वाटत असेल तर पाठव. ठेव मोडण्यापूर्वीं मात्र दोन गोष्टी कर. संस्थेला महासंचालनालयाची मान्यता आज आहे काय, हें खात्याच्या यादींत स्वतः पाहा. आणि तेथें शिकलेल्या मुलांपैकीं परवाना हातीं आलेले किती, हें संस्थेच्या चालकांना न विचारतां त्या मुलांना विचार.

“म्हणजे तूंहि मेकॅनिक पाहत बसायचें तर !” ती म्हणाली.

“मेकॅनिकच्या हातीं नोंदवही येईपर्यंत पुष्कळ वेळ आहे,” मीं म्हटलें. “आणि आली, तर तूं ज्या विमानानें काशीला जाशील, त्याच्या नोंदवहींत असाच कोणी तरी मुलगा सही करून घरीं गेलेला असेल.”

तिनें दोन्ही गोष्टी केल्या. एक संस्था तिनें यादींत नांव न सांपडल्यामुळें सोडून दिली, दुसरीच्या पांच माजी विद्यार्थ्यांना चिरंजीवांनीं गांठलें, आणि आतां अर्ज गेला आहे. ठेवीची मुदत भाद्रपदांत संपते. शेजारणींना ती अजून ‘मुलगा इंजिनिअरिंगला जाणार’ एवढेंच सांगते; पण तो जुना वॉशर तिनें टाकून दिलेला नाहीं, फडताळांतल्या एका डबींत जपून ठेवला आहे.