रात्रपाळीतला नाताळ

भिलाईच्या पोलाद कारखान्यातली झोतभट्टी नाताळच्या रात्रीही विझवत नाहीत. एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे धगधगत राहते. मध्येच थंड पडली तर आतले लोखंड थिजून बसायचे आणि भट्टीच निकामी व्हायची. त्यामुळे 24 डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये लोक जमतात, तेव्हा काही घरांतला कर्ता पुरुष कारखान्यात उभा असतो. बायको मुलांना नवे कपडे घालून उपासनेला घेऊन जाते. परतल्यावर त्याच्या वाटणीचा केक ताटलीखाली झाकून ठेवते. अशा घरचा नाताळ दुसऱ्या दिवशी सकाळी, तो डोळे चोळत घरी आला की, चहाच्या कपाबरोबर सुरू होतो.

देवाला हे चालत असेल का, असा प्रश्न नव्याने लग्न होऊन आलेल्या एखाद्या सुनेला पडू शकतो. जुन्या बायकांना तो पडत नाही. पहिल्या नाताळच्या रात्री जागे होते ते मेंढपाळ, म्हणजे रात्रपाळीवरचीच माणसे, एवढे त्यांना बायबलमधून ठाऊक असते.

रशियाच्या मदतीने उभारलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. कामासाठी साऱ्या देशातून माणसे आली आणि आपापला देवही घेऊन आली. केरळची सीरियन ख्रिस्ती कुटुंबे आली, तामिळ आली, झारखंडचे आदिवासी आले. छत्तीसगडचे ख्रिस्ती तर आधीपासून या भागात होतेच. ऑस्कर लोहर या मिशनऱ्याने 1868 सालीच बिश्रामपूरला वस्ती केली होती. म्हणून इथल्या नाताळात एका घरून प्लम केक येतो, दुसऱ्या घरून ठेठरी-खुरमी, आणि मराठी घर असेल तर करंज्या. ताटे फिरवण्याची ही रीत दिवाळीचीच. ती कोणी शिकवावी लागली नाही.

चर्चचे वर्ष मात्र 1 जानेवारीला सुरू होत नाही. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ लागतो, तोच त्याचा पाडवा. पुढे राखेचा बुधवार. आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावायची आणि रविवार सोडून चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळायचा. मग झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे आणि ईस्टर. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, कारण ती चंद्रावर बसवलेली आहे: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. पंचांग पाहणाऱ्या मराठी माणसाला हा हिशेब परका वाटू नये.

पण वर्षातला सर्वांत मोठा भाग या सणांचा नाहीच. सणासुदीचे आठवडे वजा केले की तेहतीस-चौतीस आठवडे उरतात. त्यांना नावच ‘सामान्य काळ’. पाद्रीबाबांच्या झग्याचा रंग तेव्हा हिरवा असतो आणि काही घडत नाही. दळण, शाळेची फी, शेजारणीशी अबोला, सासूचे गुडघे. श्रद्धेची खरी परीक्षा होते ती या हिरव्या आठवड्यांत. नाताळात कोणीही भाविक होतो.

भिलाईहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले की दुर्गनंतर राजनांदगाव लागते. मराठी ख्रिस्ती माणसाने तिथे खिडकीतून जरा डोकावून पाहावे. 1893 साली नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून याच राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. कवितेवरून बोलणे निघाले, धर्मावर आले, आणि उतरताना त्याने टिळकांच्या हातात ‘नवा करार’ ठेवला. वाचून पाहा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो म्हणाला. टिळकांना त्यातले डोंगरावरचे प्रवचन सोडवेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो प्रवासी कोण होता, हे टिळकांना अखेरपर्यंत कळले नाही असे म्हणतात.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. खरी गोष्ट पुढे आहे आणि ती लक्ष्मीबाईंची आहे. त्या वर्षी राखेचा बुधवार 27 फेब्रुवारीला होता, म्हणजे टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर सतरा दिवसांनी. टिळकांचा उपवासकाळ चाळीस दिवसांत संपला असेल. लक्ष्मीबाईंचा पाच वर्षे चालला, आणि तो त्यांनी मागून घेतलेला नव्हता. नवरा जिवंत असून त्याच्यापासून दूर, पदरी लहान दत्तू आणि लोकांच्या तोंडाला तोंड द्यायचे. ज्या घरात त्या वाढल्या तिथे वडिलांचे सोवळे असे, की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावे. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सगळे हसत सांगितले आहे, म्हणून वाचणाऱ्याच्या घशात आवंढा येतो.

पुढे त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळून. त्यांच्या मनात आधी ख्रिस्त आला नाही, आधी जात गेली. माणसामाणसांतले हे भेद देवाने केलेले नव्हेत, माणसांनीच केले, हे एकदा पटल्यावर कोणाच्याही हातचे पाणी प्यायला त्यांना अडचण उरली नाही. बाप्तिस्मा 1900 साली, त्यानंतर झाला. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. मोठमोठे ग्रंथ वाचून जे सुटत नाही, ते या बाईने स्वयंपाकघरात, पाण्याच्या तांब्यापाशी सोडवले. आणि धर्म बदलूनही ज्यांच्या घरात जात तशीच राहिली, अशी घरे आजही आहेत. त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

टिळकांनी ओवी-अभंगांच्या चालीवर रचलेली शंभराहून अधिक गीते मराठी चर्चमधून म्हटली जातात. एखादे मराठी कुटुंब महाराष्ट्राबाहेर गेले तर ‘उपासना-संगीत’ हे पुस्तक ट्रंकेतून बरोबर जाते. मुले हिंदी शाळेत शिकतात, चर्चमध्ये हिंदी भजने म्हणतात; पण रात्री निजण्यापूर्वी आजी टिळकांचे पद लावते, तेव्हा नातवंडांना अर्धे शब्द कळत नसूनही ताल मात्र बरोबर सापडतो.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले होते. 1919 च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी उतारवयात ते पुढे चालवले, घरचे सारे पाहत, आल्यागेल्याचे करत. 1936 साली त्यांनी डोळे मिटले. दोन वर्षांनी ग्रंथ छापून आला. चौसष्टच्या वर अध्याय होते त्यात, आणि बहुतेक बाईंचे.