मामांच्या पिस्तुलाची किंमत

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की दिवसकार्य आटोपल्यावर मागे उरलेल्या वस्तूंची बोलणी सुरू होतात. सोनं वजनावर ठरतं, जमीन गुंठ्यावर ठरते, भांडीकुंडी लेकीसुनांकडे जातात नाहीतर मोडीत. पण एखाद्या घरात अशी एक वस्तू निघते की तिचं मोल कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि मोल ठरेपर्यंत ती घरात ठेवून घ्यायचीही सोय नसते. परवान्याचं पिस्तूल ही तशी वस्तू. आपल्या सीमाभागात शेतावरच्या बारा बोअरच्या बंदुका बऱ्याच घरांत आहेत, पिस्तुलं त्यामानानं थोडी. पण प्रश्न दोन्हींचा सारखाच आहे, म्हणून उज्जैनच्या माझ्या मामांच्या पिस्तुलाची हकिकत सांगते.

माझी आई उज्जैनची, लग्न होऊन बेळगावला आली. मामी गोकाकची, ती लग्न होऊन उज्जैनला गेली. शिंदेशाहीच्या काळापासून माळव्यात रुजलेल्या मराठी घरांपैकी मामांचं एक घर. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेल्या गोपाळ मंदिराच्या मागच्या गल्लीत त्यांचा जुना वाडा होता. मामी माहेरच्यांशी कन्नड, सासरी मराठी आणि भाजीवालीशी माळवी बोलायची. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासला येऊन राहिले, आणि देवास उज्जैनपासून जेमतेम चाळीस किलोमीटर. "तुमच्या मुलखानं माळव्याला दोन माणसं दिली, एक कुमारजी आणि दुसरी तुझी मामी," असं मामा आल्यागेल्याला सांगत.

मामा एका कापडगिरणीत खजिनदार होते. पगाराच्या दिवशी बँकेतून रोकड आणायची जबाबदारी त्यांच्यावर असे. त्यासाठी १९७४ साली त्यांनी परवाना काढला आणि दुसऱ्या एका परवानाधारकाकडून दोन हजार रुपयांना एक जुनं पिस्तूल घेतलं. तळहातात मावेल एवढं, .३२ बोअरचं, काळपट. त्याच्यावर स्पेनमधल्या एयबार या गावाचं नाव कोरलेलं होतं. घेतलं तेव्हा त्यांनी त्यातून पाच गोळ्या झाडून बघितल्या. त्यानंतर पुढच्या सगळ्या आयुष्यात एकदाही नाही.

पिस्तुलाचं काम म्हणजे वर्षातून एकदा दसऱ्याला बाहेर येणं. आपण खंडेनवमी म्हणतो, मामी आयुधपूजे म्हणायची. विळी, सुरी, शिलाई मशीन, मामांची सायकल यांच्या रांगेत शेवटी पिस्तूल ठेवलं जाई. मामी सगळ्यांना झेंडूचं फूल वाहायची आणि पिस्तुलापाशी आली की हात जरा आखडता घ्यायची. दुसरी फेरी निवडणुकीची. निवडणूक जाहीर झाली की कलेक्टरांचा हुकूम निघे, आणि मामा पिशवीत पिस्तूल घालून ठाण्यात जमा करायला जात. निकाल लागला की पावती दाखवून परत आणत. गिरणी बंद पडली, रोकड संपली, तरी ही ये-जा आणि परवान्याचं नूतनीकरण चालूच राहिलं.

मामा २०२२ साली गेले. मामेभाऊ पुण्याहून आला. त्यानं चौथ्याच दिवशी पिस्तूल, उरलेली काडतुसं आणि परवान्याची वही गावातल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली आणि पावती घेतली. कायदा तेच सांगतो. परवाना माणसाच्या नावाचा असतो. तो माणूस गेला की हत्यार घरात ठेवायचा हक्कही संपतो. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे ते विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्यावं लागतं.

आता किमतीचं बघा. तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांत कुणी म्हणालं, "इंपोर्टेड आहे, चार लाख कुठे गेले नाहीत." दुसऱ्यानं सहा सांगितले. ही बोलणी अगदीच हवेतली नव्हती. १९८०च्या दशकाच्या मध्यात सरकारनं सामान्य नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात बंद केली. सैन्य आणि पोलीस वापरतात त्या ९ मिलिमीटरसारख्या बोअरची पिस्तुलं तर सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाहीत. राहिलं मुख्यतः .३२ बोअर, आणि त्यात सरकारी कारखान्यांचा माल. कानपूरच्या कारखान्यानं २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं अर्धा किलो वजनाचं रिव्हॉल्व्हर काढलं, त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. अमेरिकेत १९७०च्या दशकात जस्ताच्या मिश्रधातूची छोटी पिस्तुलं शंभर डॉलरच्या आत नवी मिळत, आणि जुनी झाली की त्यांना फारसं कुणी विचारत नसे. आपल्याकडे मात्र दार बंद झाल्यावर आत राहिलेला माल, तो कसाही असो, महागच होत गेला. बंद दाराची किंमत त्या लोखंडाला चिकटली.

विक्रेता वयस्क होता, तीन पिढ्यांचं दुकान. त्यानं पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री केली, उघडलं आणि आमच्यासमोर मेजावर मांडलं. मामेभावाला म्हणाला, "भय्या, ये नाम का इंपोर्टेड है." मग त्यानं जे सांगितलं ते मी घरी येऊन वाचून ताडून पाहिलं. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याला पिस्तुलं कमी पडली. तेव्हा एयबार आणि आसपासच्या लहानमोठ्या कारखान्यांनी 'रुबी' नावानं ओळखलं जाणारं .३२ बोअरचं पिस्तूल लाखांनी बनवलं. वरून सगळी सारखी दिसत, पण एका कारखान्याची मॅगझीन दुसऱ्याच्या पिस्तुलात धड बसत नसे. कुणाचं पोलाद चांगलं, कुणाचं मऊ. युद्ध संपल्यावरही त्याच घडणीची स्वस्त पिस्तुलं जगभर विकली गेली. मामांचं त्याच कुळीतलं होतं.

"चलेगा क्या?" भावानं विचारलं. विक्रेत्यानं मॅगझीन हातात दिली. तिचे वरचे ओठ वाकलेले, आतली स्प्रिंग ढिली. काडतुसांचं पितळ काळवंडलेलं. त्याचं म्हणणं असं की पहिली गोळी कदाचित सुटेल, दुसरी बहुधा अडकेल. शिवाय या जुन्या घडणीची पिस्तुलं भरलेली असताना हातातून पडली तर उडायचा धोका असतो. नवीन स्प्रिंग करून घेता येईल, पण मूळ सुटे भाग मिळायचे नाहीत. आणि घेणारा कोण? ज्याच्याकडे .३२ बोअरचा परवाना आहे आणि जागा शिल्लक आहे असाच माणूस. २०१९च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. त्यामुळे ज्यांच्याकडे तिसरं होतं त्यांनाही ते काढून टाकावं लागलं. विकणारे वाढले, घेणारे तेवढेच राहिले. सगळं बोलून झाल्यावर त्यानं साठ हजारांचा आकडा सांगितला.

साठ हजार ऐकून मामेभावाचा चेहरा पडला. चार लाखांवरून साठ हजार! त्याच्या मनात आलं की मग आपणच ठेवावं. वारसाला तशी सोय आहे. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक वारल्यावर त्याच्या वारसाला परवाना मिळू शकतो. त्यासाठी अर्ज, इतर वारसांची संमती, पोलीस चौकशी हे सगळं आलं. "बाबांची आठवण आहे," तो म्हणाला. मी काही बोलले नाही. मुलाला बापाची वस्तू हवीशी वाटणं स्वाभाविकच आहे.

मामी इतका वेळ गप्प होती. ती माझ्याकडे वळून तिच्या गोकाकच्या कन्नडात म्हणाली, "ब्याडव्वा, मन्याग ब्याड." मग मुलाला मराठीत म्हणाली, "अरे, अठ्ठेचाळीस वर्षं मी त्या कपाटाची किल्ली सांभाळली. तू लहान होतास तेव्हा दुपारी डोळा लागला तरी किल्ली कंबरेला आहे का ते चाचपत होते. आता तुझ्या घरात दोन पोरं आहेत. तुझ्या बायकोच्या कंबरेला ही किल्ली नको." एवढ्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. ज्या वस्तूनं घराची राखण करायची, तिचीच राखण घरातली बाई आयुष्यभर करत होती. मामांच्या हिशेबवहीत ती मजुरी कुठेच लिहिलेली नव्हती.

या गडबडीत ओळखीतल्या एकानं भावाला बाजूला घेऊन दुसराच सल्ला दिला. "विकून टाका, आणि हवंच असेल तर खरगोन-बडवानीकडचं दहापंधरा हजारात आणून देतो." आपल्याकडे शिकलगार म्हटलं की विळ्याकात्र्यांना धार लावणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. माळवा-निमाडात सिकलीगरांच्या काही वस्त्यांत पूर्वापार शस्त्रं घडवण्याचा धंदा होता. त्यातल्या काहींचं हे कसब आज बेकायदा पिस्तुलांत अडकलं आहे, आणि तिथून निघालेला माल महाराष्ट्रातही पकडला जातो. स्वस्त म्हणावं तर हेच सगळ्यात महाग. कारखान्यातून निघालेल्या हत्याराची नळी जादा दाबाच्या काडतुसानं तपासून तिच्यावर शिक्का मारतात. या मालाची असली कसलीच तपासणी नाही, तो चालवणाऱ्याच्या हातातच फुटू शकतो. आणि फुटला नाही तरी विनापरवाना पिस्तूल जवळ बाळगल्याबद्दल २०१९ नंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. विकणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. मामेभावानं त्या गृहस्थांना चहा पाजून वाटेला लावलं.

शेवटी पिस्तूल विकलं. मृत्यूचा दाखला, वारसांची संमतिपत्रं, कलेक्टर कचेरीतल्या शस्त्र शाखेच्या फेऱ्या, सगळं मिळून सात महिने गेले. तोवर विक्रेत्याचं दरमहा ठेवणावळीचं भाडं चालू होतं. ते कापून हातात आले छप्पन हजार. मामांनी १९७४ साली घातलेल्या दोन हजारांचे हे छप्पन. पाहुण्यांपैकी एकानं हिशेब केला की त्याच पैशांचं तेव्हा सोनं घेतलं असतं तर आज कितीतरी पटीनं जास्त झाले असते. मामीला त्या हिशेबाशी कर्तव्य नव्हतं. परवाना रद्द झाल्याचा कागद तिनं दोनदा वाचून घेतला आणि त्या रात्री, ती म्हणाली, तिला शांत झोप लागली.

आता आपल्याकडचं. सगळ्यांचा निर्णय मामीसारखाच व्हावा असं मी म्हणणार नाही. आपल्याच कर्नाटकात कोडगूच्या कोडव घरांत कोवी हा घराण्याचा मान आहे. तिच्यासाठी परवान्याची सूट ब्रिटिशांच्या काळापासून चालत आली आणि २०१९ साली ती आणखी दहा वर्षांसाठी, २०२९पर्यंत वाढवली गेली. रानडुकरांच्या वाटेवर शेत असलेल्या माणसाची गरजही वेगळी. पण बाकीच्या घरांत कपाटात पडून असलेल्या हत्याराचा विचार ते बाळगणारा माणूस हयात असतानाच करावा. नियमांत तशी वाट आहे. परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षं झाली, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो स्वतः वारस सुचवू शकतो. कुणालाच नको असेल तर तो स्वतःच विकू शकतो. मात्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला आधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. स्वतःच्या सहीनं होणारं हे काम, मागे राहिलेल्यांना सात महिने पुरतं.

यंदा खंडेनवमीला, आयुधपूजेला, हत्यारावर फूल वाहाल तेव्हा शेजारी परवान्याची वहीही ठेवा. तारीख बघा, वय बघा. आणि किल्ली कोणाकडे असते ते बघून, काय करायचं हे आधी तिला विचारा.