‘साठी बुद्धी नाठी’ म्हणण्यापूर्वी

घरातील वृद्ध माणूस तापात असंबद्ध बोलू लागले, की आपण चटकन वयाकडे बोट दाखवतो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तयारच असते. जुनी माणसे मात्र ‘तापात वात झाला’ असे म्हणत. हा बिघाड आजाराचा आहे, वयाचा नव्हे, ही जाण त्या शब्दांत होती. डॉक्टर यास डिलिरियम म्हणतात.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मावळातील आमच्या घरी सासरे रात्री उठून बैल सोडायला निघाले. गोठा रिकामा होऊन कैक वर्षे लोटली होती. खोकला नव्हता, तापही बेताचाच. पाहुणे म्हणाले, वय झाले. सासूबाई मात्र ठाम होत्या: “काल सकाळी यांनी महिन्याच्या दुधाचा हिशेब तोंडी सांगितला. एका रात्रीत कुणी म्हातारं होत नाही.” बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा ८४! तळेगावला दाखल करून प्राणवायू सुरू झाला. आत कुणाला प्रवेश नव्हता. म्हणून चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र नाव लिहिलेल्या डब्यात घालून पाठवले. भ्रम ओसरायला दोन आठवडे लागले, हिशेब जुळायला कित्येक महिने.

विषाणू प्रत्येक वेळी मेंदूत शिरतोच असे नाही. प्राणवायू, पाणी किंवा सोडियम कमी पडले, रक्तात गुठळी झाली, तरी मेंदू गोंधळतो. हा गोंधळ तासागणिक बदलतो आणि रात्री बहुधा वाढतो. बडबडणाऱ्याकडे लक्ष जाते. परंतु जो एकाएकी गप्प व गुंगीत असतो, त्याच्याकडे दुर्लक्ष होते. तोही तितकाच आजारी असतो.

झटके येणे, तीव्र डोकेदुखीसह उलट्या, तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा वाचा अडखळणे, यांपैकी काहीही दिसल्यास विनाविलंब १०८ ला फोन करावा. ताप किंवा जुलाब थांबल्यानंतरच्या दिवसांतही सावध असावे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण आढळले, ते आपणांस स्मरत असेल. पोटाच्या संसर्गानंतर प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. पायांतील मुंग्या व अशक्तपणा वर चढू लागतो. अशा वेळी तेलमालिशीत दिवस घालवू नयेत.

भ्रमातील माणसाशी वाद घालू नका. शांतपणे वार, वेळ, आपले नाव सांगा. दिवसा खिडकी उघडी ठेवा. झोपेची गोळी मनाने देऊ नका. गुंगीत असताना तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

लोणावळा-मावळात पाऊस सुरू झाला, की घरोघरी ताप येतो. त्याआधीच आपल्या घरातील ज्येष्ठ एरवी काय काय करतात, कोणती औषधे घेतात, हे कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर विचारतील, “हे कधीपासून?” त्या प्रश्नाचे नेमके उत्तर केवळ घरचे माणूसच देऊ शकते.