वाट पाहण्याचा खेळ

ऐनवेळी कळलेल्या विषयावर, ठरावीक तासांत, बहुधा अनोळखी माणसांच्या सोबतीने एक संगणकीय खेळ पूर्ण करायचा, अशा उपक्रमाला ‘गेम जॅम’ म्हणतात. यातला ‘जॅम’ जॅझ वादकांच्या बैठकीतून आला आहे. पूर्वतयारीशिवाय एकत्र बसून वाजवणे हा त्याचा भाव. अमेरिकेत ओकलंड येथे ख्रिस हेकर, शॉन बॅरेट आणि त्यांच्या मित्रांनी २००२ साली अशी बैठक भरवली. जानेवारी २००९ मध्ये ‘ग्लोबल गेम जॅम’ २३ देशांतल्या ५३ ठिकाणी एकाच वेळी पार पडला आणि ही प्रथा जगभर रुजली. मराठीच्या अभ्यासकाला यात फार परके वाटावे असे काही नाही. दिलेल्या चरणावरून श्लोक पुरा करण्याची समस्यापूर्ती किंवा फडावर रंगणारे शाहिरांचे सवाल-जवाब ही याचीच थोरली भावंडे. बंधन आधी येते, निर्मिती त्यामागून.

जानेवारी २०२५ मध्ये नागपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ असा ४८ तासांचा उपक्रम केला. तो सर्वांसाठी खुला होता. नोंदणीच्या अर्जात ‘आपल्याला काय येते?’ या प्रश्नापुढे प्रोग्रामिंग, चित्र, संगीत आणि ‘इतर’ असे चार पर्याय होते. मी ‘इतर’वर खूण केली. मराठी शिकवणाऱ्यांना या रकान्याची सवय असते. आमच्या एम.ए.च्या वर्गात अलीकडे बाके जास्त आणि विद्यार्थी कमी असतात; ‘मराठी घेऊन पुढे काय?’ हा प्रश्न दर जूनमध्ये कुणी ना कुणी विचारतोच. नव्या माध्यमाच्या कारखान्यात आपल्या भाषेला काही काम आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे, एवढाच माझा हेतू होता.

आमच्या गटात चौघे होतो. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा, चित्रकला शिकणारी एक मुलगी, एस.टी. वाहकाचा अकरावीतला मुलगा आणि मी. चिठ्ठी टाकून विषय निघाला : ‘वाट’. बहुतेक गटांनी लगेच भूलभुलैया आखायला घेतला. मी फळ्यावर शब्दाचे संसार मांडले : वाट चुकणे, वाट लागणे, वाट सोडणे, वाटेला जाणे, वाट पाहणे. शेवटच्या शब्दावर चित्रकार मुलगी थांबली. ‘हेच घेऊ. माझी आजी हेच करते.’

खेळ असा ठरला : गणेशपेठच्या बसस्थानकात एका बाकावर म्हातारी बसली आहे. मुलगा पुण्याहून यायचा आहे. यवतमाळची गाडी लागते, चंद्रपूरची लागते, गडचिरोलीची सुटते. खेळणाऱ्याने म्हातारीला पाणी पाजावे, पिशवीतला डबा चाचपायला लावावा, चौकशीच्या खिडकीशी न्यावे, शेजारच्या बाईशी बोलू द्यावे. वाहकाच्या मुलाने फलाटावरच्या घोषणांचा सूर अचूक पकडला; वडिलांबरोबर डेपोत गेलेल्या दिवसांची ती कमाई होती.

पेच पडला तो शेवटावर. ‘जिंकायचं कसं?’ प्रोग्रामिंग करणाऱ्याने विचारले. मी म्हटले, वाट पाहण्यात जिंकणे नसते. साहित्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तो म्हणाला, ‘मग मॅडम, हा खेळ नाही, सिनेमा झाला. खेळणाऱ्यानं ठरवायचं काय?’ आक्षेप मला मोलाचा वाटला. कथेत म्हातारीला लेखक ताटकळत ठेवतो आणि वाचक तिच्यासाठी हळहळतो. खेळात तिला बाकावर कोण बसवून ठेवते? बऱ्याच चर्चेनंतर पडद्याच्या कोपऱ्यात एक कळ आली : ‘घरी जा’. ती पहिल्या क्षणापासून तिथे असणार आणि केव्हाही दाबता येणार. उठून जाण्याची मुभा असली तरच बसून राहण्याला अर्थ येतो, हे त्या एका कळीने सिद्ध केले. वर्गात ‘निवेदक’ आणि ‘वाचक’ या संज्ञा शिकवताना त्यांच्यामधली जबाबदारी अशी उघड्यावर येत नाही.

मग माझे काम सुरू झाले. म्हातारीच्या मनात येणारी वाक्ये मी लिहून देई आणि मुले ती कापत. ‘एवढं कोणी वाचणार नाही नं मॅडम.’ बारा शब्दांचे वाक्य पाच शब्दांवर आले. ‘मागच्या वेळी रात्रीच्या गाडीने आला होता तेव्हा त्याला इथेच शोधत बसले होते’ याचे ‘मागच्या वेळी उशीरच झाला होता’ झाले. दुसऱ्या वाक्यात म्हातारी स्वतःचीच समजूत घालते आहे, आणि पहिल्यात ती फक्त माहिती देते.

शनिवारी रात्री ही वाक्ये पडद्यावर आली आणि सगळेच थबकले. ज्या प्रणालीत खेळ बांधला होता, तिला देवनागरी जुळवता येत नव्हती. ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’ला सोडून ‘त’ला चिकटली. ‘स्थानक’मधल्या जोडाक्षराची फारकत होऊन पाय मोडलेला ‘स’ वेगळा उभा राहिला. रोमन लिपीत अक्षर एकापुढे एक मांडले की काम भागते. आपल्याकडे अक्षरे एकमेकांना धरून, कधी उच्चाराचा क्रम उलटवून बसतात, आणि ती जुळणी कुणीतरी यंत्राला शिकवावी लागते. ‘इंग्लिशमध्ये टाकू, रात्रीचे दोन वाजून राहिले,’ असे एकाने सुचवले. व्यवहारी सूचना होती. पण ही म्हातारी इंग्रजीत वाट कशी पाहील?

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा नोंदवणारे सुमारे ८ कोटी ३० लाख लोक होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने भाषेला अभिजात दर्जा दिला. त्याला चार महिनेही झाले नव्हते आणि इथे एक वेलांटी जागेवर बसत नव्हती. खेळाच्या पटावर मराठी अक्षर उमटावे, ही काही आजची हौस नव्हे. मोक्षपट हा सापशिडीचा पूर्वज. त्याच्या घराघरांत सद्गुण-दुर्गुणांची नावे लिहिलेली असत. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वरांना देते. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात असे पट होते आणि कोपनहेगनच्या जेकब श्मिट-मॅडसन या संशोधकाने पश्चिम भारतातल्या अशा पटांचा सविस्तर अभ्यास केला. तेव्हा खेळणे म्हणजेच वाचणे होते.

तोडगा त्या मुलानेच काढला. त्याने सारा खेळ दुसऱ्या प्रणालीत हलवायला घेतला. तिचे नाव त्याने ‘गोडॉट’ असे उच्चारले. लिहून दाखवल्यावर मी ओळखले, हा तर गोदो! सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’वरूनच तिचे नाव ठेवले आहे. ही प्रणाली विनामूल्य आणि मुक्त आहे, आणि २०२३ मध्ये आलेल्या तिच्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीसारख्या लिप्या नीट उमटतात. काम चालू असताना मी तिघांना १९५३ साली पॅरिसमध्ये प्रथम रंगमंचावर आलेल्या त्या नाटकाची गोष्ट सांगितली : एक झाड, दोन माणसे आणि न येणारा तिसरा. अकरावीतला मुलगा म्हणाला, ‘म्हणजे आपण तेच करून राहिलो?’ पहाटे साडेचारला ‘स्थानक’ पडद्यावर धडपणे उभे राहिले. एका जोडाक्षरासाठी टाळ्या वाजलेल्या मी प्रथमच ऐकल्या.

रविवारी संध्याकाळी सर्व खेळ मांडले गेले. आमच्याकडे आलेली बहुतेक मुले दोन मिनिटांत ‘घरी जा’ दाबून हसत उठली. मुलाला न्यायला आलेली एक आई मात्र बसली. तिने म्हातारीला पाणी पाजले, तीन गाड्या जाऊ दिल्या, डबा पुन्हा चाचपला. मागे रांग लागली तरी तिने ती कळ दाबली नाही. शेवटी मान वळवून तिने विचारले, ‘तो येणार आहे का नाही, तेवढं सांगा.’ आम्ही चौघे गप्प राहिलो, कारण ते आम्ही लिहिलेच नव्हते. मग मुलानेच हात धरून तिला उठवले; कळ तिने अखेरपर्यंत दाबली नाही.

आमच्या खेळाला बक्षीस मिळाले नाही. पुढच्या सोमवारी एम.ए.च्या वर्गाला मी निवडीचा स्वाध्याय दिला : आवडती मराठी कथा घ्या आणि तिच्यात वाचकाच्या हाती एकच निर्णय द्या. कोणता द्याल, तो का द्याल, आणि तो देताच कथेत काय हलते, ते पानभर लिहा. सात जणांनी लिहून आणले. अभिजात दर्जा भाषेच्या कालपर्यंतच्या पुंजीला मिळतो. उद्याचे तिचे कामकाज मात्र अशा पानांवर आणि जागेवर बसलेल्या वेलांट्यांवर चालणार आहे. ‘मराठी घेऊन पुढे काय?’ या प्रश्नाला माझ्याजवळ नोकऱ्यांची यादी अजूनही नाही. पण शब्दातून कोणती वाट फुटते हे सांगणारे माणूस त्या दालनात लागते, आणि ते मराठीच्या वर्गातूनच यायला हवे, एवढे मी आता नाव-गाव देऊन सांगू शकते.